आधी मीठ उतरू द्या: मशरूमचं वापरलेलं खत बागेत घालताना

मी वाईला डबे देते. रोज ४० माणसांचं जेवण, त्यामुळे कोथिंबीर, मिरची, पालक, आळू, कढीपत्ता यातलं निम्मं तरी घरामागच्या सव्वा गुंठ्यातून निघालं पाहिजे, नाहीतर मंडईवाला माझ्यापेक्षा जास्त कमावतो. बागेचं वेड नाही, हिशेब आहे. म्हणून वाटेवरच्या एका मशरूम युनिटमधल्या पोरानं "काकी, न्या हवं तेवढं, आम्हाला टाकायला जागा नाही" असं सांगितलं, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी छोटा हत्ती घेऊन दारात उभी.

काळंभोर, भुसभुशीत, पावसात भिजलेल्या रानासारखा वास. शेणखत त्याच्यापुढे ढेकळांचं वाटत होतं. मी हावऱ्यासारखं १४ कुंड्यांत ते मातीत निम्मं-निम्मं मिसळून भरलं आणि त्याच संध्याकाळी मिरचीची रोपं लावली. आठव्या दिवशी पानांच्या कडा इस्त्रीचा चटका बसावा तशा करपल्या. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून वाढवलं. मग कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी वाळलं आणि तळाशी पांढरा थर राहिला. पापडाचं पीठ भिजवलेलं पातेलं न धुता ठेवलं की जसा राहतो, अगदी तसा. तेव्हा उजेड पडला. खत वाईट नव्हतं. खारट होतं.

त्यानंतर दरवर्षी हे खत आणते, पण आणल्या आणल्या कधीच वापरत नाही. सगळी गोम एवढ्यातच आहे, तरी नीट सांगते.

आपण जे उचलून आणतो ते काय असतं हे आधी समजून घ्या. पांढऱ्या बटण मशरूमसाठी गव्हाचं काड भिजवून त्यात कोंबडीखत, थोडा युरिया, गव्हाचा कोंडा आणि जिप्सम घालतात. त्याचा ढीग लावून पुन:पुन्हा उलथतात. मग बंद खोलीत ५८-६० अंशांवर तापवून त्यातले किडे आणि नको असलेली बुरशी मारतात आणि निवल्यावर मशरूमचं बी, म्हणजे स्पॉन, मिसळतात. ते पसरलं की वर दीड इंच केसिंगचा थर देतात, बहुतेक ठिकाणी कोकोपीट आणि जुन्या शेणखताचा. दोन-तीन तोडे निघाले की माल कमी होतो आणि पिशव्या रिकाम्या करतात. एक किलो मशरूममागं साधारण ५ किलो असं उरलेलं खत निघतं, म्हणजे युनिटवाल्याला ते खरोखरच डोक्याला ताप असतं. त्याच्यावर उपकार करतोय अशा थाटात गेलात तरी चालेल.

आता हे खारट का होतं? आमटी आटवली की खारट होते, त्याच कारणानं. कोंबडीखतातला पालाश (पोटॅश) आणि क्लोराइड, जिप्सममधलं कॅल्शियम आणि सल्फेट हे सगळं सुरुवातीपासून त्यात असतंच. पण कुजताना आणि मशरूम वाढताना काडाचा बराचसा भाग खाल्ला जातो, हवेत जातो. ढीग आटतो, क्षार तेवढेच राहतात. यातले बरेचसे क्षार म्हणजे झाडाचं अन्नच आहे, विष नव्हे. पण एकदम ताटात पडलं की मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून माझ्या मिरच्या ओल्या कुंडीत तहानेनं करपत होत्या आणि मी वरून आणखी पाणी घालत होते. ते पाणी खाली निघून गेलं असतं तर उपयोग तरी झाला असता, पण ताटलीत साचून तेच पुन्हा वर शोषलं जात होतं.

युनिटवर गेलात की तीन गोष्टी विचारा. मशरूम कुठलं, बटण की धिंगरी (ऑयस्टर)? दोन्हींचं खत वेगळं वागतं, धिंगरीचं पुढे सांगते. पिशव्या कधी रिकाम्या केल्या? कालच्या असतील तर ढीग घरी आल्यावर पुन्हा तापेल, जुन्या आणि उघड्यावर पडलेल्या असतील तर थोडं मीठ आधीच उतरलेलं असेल. आणि माश्यांसाठी शेवटच्या महिन्यात काय फवारलं? या खतात बारीक काळ्या माश्या फार होतात, त्यामुळे फवारणी होऊ शकते. उत्तर देताना समोरचा चाचरला तर मी पालेभाजीसाठी ते खत एक पूर्ण पावसाळा आणि वर दोन महिने थांबवते. काही युनिटमध्ये खोली रिकामी करण्याआधी वाफ सोडून ७० अंशांपर्यंत तापवतात. तसं केलेलं मिळालं तर माश्या आणि त्यांची अंडी घरी येत नाहीत.

आणण्याची वेळ म्हणाल तर एप्रिल-मे. आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागतो आणि दसऱ्यापर्यंत तो आपलं काम फुकटात करून देतो. ढीग लावायला जागा उताराची हवी, विहिरीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब, कारण ढिगातून चहासारखं तपकिरी पाणी झिरपतं आणि ते पाणी म्हणजेच ते मीठ. माझ्या ढिगाच्या खालच्या अंगाला नारळ आहे. नारळ खारं सोसतो, समुद्राकाठी तर वाढतो. त्यामुळे झिरपलेलं पाणी मी बारीक चर खणून त्याच्याकडे वळवलंय. लिंबोणीकडे मात्र चुकूनही वळवू नका.

ढीग कमरेएवढा उंच पुरे. उतरवताना पिशव्यांचे तुकडे, सुतळ्या, रबर वेचून काढा. हे काम कंटाळवाणं आहे आणि मी पहिल्या वर्षी टाळलं, त्यामुळे अजूनही खुरप्याला प्लास्टिक लागतं. खत कोरडं असेल तर आधी झारीनं पाणी मारा आणि तोंडाला फडकं बांधा. त्यातली धूळ म्हणजे बुरशीचे बीजाणू. दमा असलेल्या माणसानं हे काम दुसऱ्याला द्यावं. पावसाआधीचा महिनाभर ढीग ओलसर ठेवा, मूठ दाबली तर एखादा थेंब यावा इतपत. तीन-चार आठवड्यांनी एकदा फावड्यानं आतलं बाहेर, बाहेरचं आत करा. मी त्यात आंब्याचा वाळका पाला घालते. घातलाच पाहिजे असं नाही, पण पाला जाळण्यापेक्षा बरं.

पाऊस सुरू झाला की ढीग पूर्ण उघडा ठेवायचा, मात्र पावसाळा संपेपर्यंत नाही. आमच्या मध्यम पावसात उघडा ठेवून चालतं. माझी थोरली बहीण चिपळूणला. तिनं माझं ऐकून ढीग लावला आणि ऑगस्टमध्ये फोन आला.

"अगं, तुझ्या खताचा नुसता चोथा झालाय. हातात घेतलं तर काही लागतच नाही."

"झाकला होतास का गं आक्का?"

"तूच म्हणालीस ना उघडा ठेव म्हणून!"

तिच्याकडे ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथे दोन-तीन आठवड्यांत मीठ उतरतं, आणि मग नत्र (नायट्रोजन), पालाश सगळंच वाहून जायला लागतं. म्हणजे खारा मासा भिजत घालून दोन दिवस विसरल्यासारखं. कोकणात पहिल्या दणक्यानंतर ढिगावर ताडपत्री नाहीतर झापं टाकायची. आमच्याकडे मी गौरी-गणपतीच्या सुमारास जुनी गोणपाटं टाकते.

ज्यांना पावसाळ्यापर्यंत थांबायला वेळ नाही, किंवा फ्लॅटच्या गॅलरीत चार कुंड्या आहेत, त्यांनी खत गोणपाटात नाहीतर भोकांच्या क्रेटमध्ये भरावं आणि भरपूर पाण्यानं धुवावं. एकदा भिजवून निथळू द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, असं तीन-चार वेळा. पहिलं पाणी गडद येतं, मग फिकं होत जातं. रंग फिका झाला म्हणजे मीठ संपलं असं नाही, पण दिशा कळते. बोअरचं पाणी मुळात खारं असेल तर या धुण्याला फारसा अर्थ नाही.

मग कळायचं कसं की आता पुरे? चाखून बघू नका. हे मी विनोदानं म्हणत नाही, आमच्या शेजारच्या भाऊजींनी जिभेला लावून पाहिलं होतं. कोंबडीखत आहे हे सांगितल्यावर त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्यापेक्षा डब्यातले हळीव काढा. बाळंतिणीच्या लाडवातलेच. कुजलेलं खत तयार झालं की नाही हे पाहण्यासाठी हळीव जगभर वापरतात, कारण ते झटकन उगवतात आणि खतात काही टोचणारं असेल तर लगेच रुसतात.

दोन वाट्या घ्या. एकीत बागेची साधी माती, दुसरीत निम्मी माती आणि निम्मं खत. दोन्हींत मोजून २० दाणे पसरा, बोटानं हलकं दाबा, मातीत पुरू नका. पाणी लागलं की हळीव बुळबुळीत होतात, ते ठीक आहे. सावलीत ठेवून ओल टिकवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोड दिसतील, आठवड्यानं दोन्ही वाट्या शेजारी ठेवा. खताच्या वाटीत मातीइतकेच उगवले आणि मुळं पांढरी लांब दिसली तर खत वापरायला मोकळं. निम्मेच उगवले, किंवा उगवले पण मुळांची टोकं तपकिरी झाली, तर अजून महिनाभर थांबा. माझ्या पहिल्या वर्षीच्या ताज्या खताची ही परीक्षा मी नंतर घेतली, तेव्हा २० पैकी ३ उगवले आणि तेही माना टाकून.

घरात पाण्याच्या फिल्टरवाल्याचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, असेल तर त्याचाही उपयोग होतो. एक वाटी खत, पाच वाट्या पाणी, अर्धा तास ठेवून फडक्यातून गाळायचं आणि आकडा पाहायचा. साध्या पाण्याचा आकडा त्यातून वजा करायचा. हा आकडा एकट्यानं फार काही सांगत नाही, पण मे महिन्यातला आणि दसऱ्यानंतरचा वहीत शेजारी लिहिला की ढिगात काय घडलं ते दिसतं. माझ्याकडे तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मुलगा म्हणतो, आईनं प्रयोगशाळा काढलीय. काढलीय तर काढलीय.

आता वाफ्यात किती घालायचं. मी रंगाची रिकामी २० लिटरची बादली माप धरते. १०० चौरस फुटांच्या वाफ्यावर एक इंच थर द्यायला साधारण १२ बादल्या लागतात. तो थर कुदळीनं वरच्या सहा इंच मातीत मिसळायचा. माती अगदीच कडक, नवीन भरावाची असेल तर पहिल्या वर्षी दोन इंच, त्याहून जास्त कधीच नाही. मिसळल्यावर एकदा भरपूर पाणी द्या आणि दहा-बारा दिवस वाफा तसाच राहू द्या. तेवढ्यात रोपं तयार होतात. कुंडीसाठी चार भागांत एक भाग. मी निम्मं-निम्मं केलं होतं ते आठवा. आणि नुसत्या या खतात बी कधीच पेरू नका, मुरलेलं असलं तरी. बियाणं तान्ह्या बाळासारखं, त्याला मीठ चालत नाही.

आमच्या काळ्या मातीला याचा खरा फायदा दिसतो तो एप्रिलमध्ये. पूर्वी वाफ्यात हात जाईल अशा भेगा पडायच्या. आता पडतात, पण बोट जाईल इतक्या. पाणी एक दिवसाआड चालतं. खतातला कुजलेला काडीकचरा मातीचे कण सुटे ठेवतो, ओल धरतो, आणि गांडुळं आपोआप येतात. विकत आणून सोडावी लागत नाहीत. उलट गांडूळखताच्या हौदात हे ताजं घातलंत तर गांडुळं कडेला पळतात, तिथेही मीठ उतरल्यावरच घाला.

एक अपेक्षा मात्र ठेवू नका, की हे घातलं म्हणजे दुसरं काही लागणार नाही. वाळलेल्या वजनावर यात नत्र दोन टक्क्यांच्या आसपास असतं आणि तेही हळूहळू सुटतं. पालक-कोबीला मी महिन्यानं शेण-गोमूत्राचं पाणी देतेच. शिवाय एकाच वाफ्यात दरवर्षी घालत राहिलात तर स्फुरद (फॉस्फरस) आणि क्षार साठत जातात. मी वाफे तीन हिश्शांत वाटलेत, प्रत्येकाची पाळी तिसऱ्या वर्षी येते.

कुणाला आवडतं? पालक, बीट, कोबी, फ्लॉवर, दुधी, भोपळा, केळ. बीट आणि पालक तर थोडं खारं हसत सोसतात. माझा हळदीचा वाफा यानं चांगला फुलतो, पण आमच्या भागात हळद कशातही फुलते, त्यामुळे श्रेय कुणाचं ते नक्की सांगता येणार नाही.

नावडणारे तीन-चार लक्षात ठेवा. घेवडा, मग तो आमच्या जिल्ह्याचा वाघ्या असो की फरसबी, क्षाराला फार नाजूक. स्ट्रॉबेरी तशीच. वर पाचगणीकडच्या एका ओळखीच्या बाईंनी विचारलं तेव्हा मी सरळ नको म्हणाले. लिंबूही. आणि अनंत. अनंताला आंबट माती हवी, आणि या खताचा सामू (पीएच) सातच्या आसपास किंवा थोडा वर, त्यात कॅल्शियम. आमची काळी माती मुळातच चुनखडीची. अनंताच्या बुडाशी मी प्रेमानं दोन घमेली ओतली आणि दोन महिन्यांत नवी पानं पिवळी, फक्त शिरा हिरव्या. लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही, त्याची ही खूण. खत खरवडून काढलं, पालापाचोळा घातला, तेव्हा वर्षानं ते झाड मार्गावर आलं. आक्काकडे उलटं. तिची जांभ्याची माती आंबट, तिथे हाच गुण औषधासारखा लागू पडतो.

कुंडीत चूक झालीच असेल तर झाड उपटू नका. ताटली काढून टाका, कुंडी मोरीवर ठेवा आणि कुंडीच्या मापाच्या तिप्पट पाणी हळूहळू ओता, खालून सगळं निघून जाऊ द्या. माझ्या १४ पैकी ९ मिरच्या अशा वाचल्या.

आता धिंगरीचं. आमच्या बचत गटातली एक मुलगी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पात शिकून आली आणि सोयाबीनच्या काडावर धिंगरी घेते. तिच्या रिकाम्या पिशव्या म्हणजे पांढऱ्या बुरशीनं बांधलेलं काडच. त्यात कोंबडीखत नाही, जिप्सम नाही, म्हणून मीठही फारसं नाही. पण ते पुरतं कुजलेलं नसतं. तसंच मातीत पुरलंत तर काड कुजवायला जंतू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि भाजी पिवळी पडते. ते पुरू नका, पसरा. उन्हाळ्यात झाडाभोवती दोन इंचांचं आच्छादन, खोडापासून वीतभर लांब. पावसाळा संपेपर्यंत त्याचं आपसूक खत होतं. धिंगरीवाल्यांना एकच विचारा, काड गरम पाण्यात उकळलं की औषधात भिजवलं? फॉर्मालिन आणि कार्बेन्डाझिमच्या पाण्यात काड भिजवायची पद्धत सर्रास आहे. तसलं असेल तर मी ते फुलझाडांना घालते, कोथिंबिरीला नाही.

दोन्ही खतांवर पावसात छत्र्या उगवतात. धिंगरीच्या पिशवीवर बहुतेक धिंगरीच येईल, पण ढिगावर काळी शाई गळणाऱ्या, लांब देठाच्याही येतात. त्यातल्या खाण्याच्या कुठल्या हे ठरवायच्या भानगडीत पडू नका. माझ्या डब्यात मशरूम मटर असतं ते विकतच्या मशरूमचं. घरात लहान पोरं असतील तर सकाळी दिसल्या दिसल्या खुरप्यानं उडवा.

दसऱ्यानंतर ढीग उपसला की खालची जागा काळी, मऊ, फार मोहात पाडणारी दिसते. सगळ्यात आधी तिथेच मिरची लावावीशी वाटते. लावू नका. चार महिने सगळं मीठ तिथूनच खाली गेलंय. मी तिथे पहिल्या हिवाळ्यात फक्त पालक टाकते, आणि मिरची पुढच्या वर्षी.